इंकस्केपमध्ये काठ आणि बुट्टे: प्रत काढावी, क्लोन करावा की पॅटर्न भरावा?

काठपदर (धागाकर्ती)

नमस्कार. सुती साड्या आणि ओढण्यांवर छापायची नक्षी तयार करण्याचे काम मी करते. आजवर मूळ आकृती कागदावर रेखाटून, स्कॅन करून पुढची जुळणी छपाईवाल्यांकडेच होत असे. आता रिपीटसकट, म्हणजे पुन्हा पुन्हा छापल्या जाणाऱ्या नक्षीच्या तुकड्यासकट, पूर्ण फाइल माझ्याकडूनच मागितली जाते, म्हणून इंकस्केप हे चित्र रेखाटण्याचे सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली आहे. हातातले काम असे आहे: साडीच्या अंगभर पाऊण इंचाचे बुट्टे हवे आहेत, आणि ते एका रांगेत न येता शेजारच्या रांगेत अर्ध्या अंतराने खाली उतरलेले हवे आहेत. काठावर समोरासमोर तोंड केलेले मोर आणि त्यांच्या खाली नारळी काठासारखी टोकदार ओळ आहे. जोडीच्या ओढणीला हाच काठ चारही बाजूंनी फिरवायचा आहे.

सध्या मी एक मोर काढून कंट्रोल + डी ने प्रती काढते आणि त्या मांडत जाते. मांडणी दिसायला बरी होते. पण मोराची मान थोडी बारीक करायची झाली की प्रत्येक मोर स्वतंत्रपणे बदलावा लागतो. शिवाय नक्षीचे दोन चौकोन एकमेकांना भिडतात तिथे बारीक पांढरी रेघ दिसते, ती काही केल्या जात नाही. आणि ओढणीच्या कोपऱ्यात काठ कसा वळवावा, हे मला उमगलेले नाही. या तिन्ही बाबतींत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ठिपकेरांग

काठपदर, तुमचा प्रश्न फार चांगला मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इंकस्केपमध्ये एकाच आकृतीची पुनरावृत्ती करण्याचे मार्ग अनेक आहेत, पण त्यांच्यातला खरा फरक कोणती कळ दाबायची हा नसून, नवी आकृती मूळ आकृतीशी काय नाते राखते हा आहे. ते नाते आधी ठरवले की मार्ग आपोआप ठरतो.

कंट्रोल + डी ने निघते ती स्वतंत्र प्रत. ती मूळ आकृतीच्या बरोबर वर बसते आणि त्या क्षणापासून तिचा मुळाशी काही संबंध राहत नाही. फाइलमध्येही त्या आकृतीचे सगळे बिंदू पुन्हा लिहिले जातात. प्रत्येक मोर वेगळा घडवायचा असेल, एकाची मान वर आणि दुसऱ्याची खाली, तर हीच प्रत योग्य आहे.

ऑल्ट + डी ने निघतो तो क्लोन. फाइलमध्ये त्याच्या नावाने बिंदू लिहिले जात नाहीत, फक्त ‘अमुक आकृती इथे पुन्हा दाखवावी’ एवढी नोंद असते. त्यामुळे मूळ मोराची मान बारीक केली की त्याच क्षणी सगळ्या क्लोनच्या माना बारीक होतात. क्लोन हलवता येतो, फिरवता येतो, लहानमोठा करता येतो, उलटवता येतो. त्याचे बिंदू मात्र ओढता येत नाहीत, ते मुळातच बदलावे लागतात. मूळ कोणते हे विसरायला झाले तर क्लोन निवडून शिफ्ट + डी दाबावे, इंकस्केप मुळापाशी घेऊन जाते.

तिसरा मार्ग म्हणजे आकृतीचा पॅटर्न करून तो एखाद्या आकारात रंगासारखा भरणे. आकृती निवडून ऑल्ट + आय दाबले की तिच्या बाउंडिंग बॉक्सची (आकृती जेमतेम मावेल अशा चौकटीची) टाइल, म्हणजे पुनरावृत्तीचा चौकोन, होते आणि तीच आडवीउभी भरत जाते. साडीची बाह्याकृती काढून तिच्यावर कापड कसे दिसेल हे ग्राहकाला दाखवायला यासारखी सोय नाही. मात्र टाइलबाहेर गेलेला भाग इथे कापला जातो, त्यामुळे एका चौकोनातून दुसऱ्यात शिरणारी वेल असेल तर पॅटर्न हे शेवटचे पाऊल असावे, पहिले नव्हे.

तुमच्या कामासाठी माझे मत स्पष्ट आहे: घडवण्याचे सगळे काम क्लोनवर करावे. मूळ मोर पानाच्या बाहेर एका बाजूला ठेवा आणि त्याला मांडणीत आणूच नका. त्याचा एक क्लोन काढा, दुसरा क्लोन काढून एच दाबा म्हणजे तो आडवा उलटेल, दोघांना समोरासमोर ठेवून त्यांचा ग्रुप करा. आता हा ग्रुप तुमच्या काठाचा घटक झाला. काठ भरायचा तो या ग्रुपच्या क्लोननी. बाहेर ठेवलेल्या एकाच मोराला हात लावला की संपूर्ण काठ बदलतो.

अक्षरजुळणी

मी पत्रिका आणि फ्लेक्सच्या व्यवसायात आहे आणि माझे सगळे काम कोरलड्रॉवर चालते, म्हणून त्या बाजूचे थोडे लिहितो. तिथे आकृती एकदा डुप्लिकेट करून हवी तिथे सरकवली आणि लगेच पुन्हा कंट्रोल + डी दाबले, तर पुढची प्रत त्याच अंतरावर पडते. काठाची सरळ ओळ भरायला हे फार जलद पडते. नेमके अंतर आणि नेमकी संख्या हवी असेल तर कंट्रोल + शिफ्ट + डी ने स्टेप अँड रिपीट उघडून दोन्ही आकडे लिहावेत. इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट धरून आकृती ओढायची आणि मग कंट्रोल + डी दाबत जायचे, तिथे त्या कळीने शेवटचे स्थलांतर पुन्हा घडते. कळ तीच असली तरी तिन्ही ठिकाणी तिचे काम निरनिराळे आहे, त्यामुळे एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

या सगळ्या प्रती स्वतंत्र असतात, हे मात्र ठिपकेरांग यांनी म्हटल्याप्रमाणेच. पत्रिकेत ते चालून जाते, कारण छापून झाली की ती नक्षी पुन्हा उघडली जात नाही. कापडाची नक्षी वर्षानुवर्षे रंग बदलून चालते, तिथे मुळाशी जोडलेली पुनरावृत्तीच हवी, हे पटते.

ठिपकेरांग

अर्ध्या अंतराने उतरणाऱ्या बुट्ट्यांबद्दल लिहायचे राहिले होते. एडिट मेनूत क्लोनखाली ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ आहे. खिडकी पहिल्यांदा पाहताना भीती वाटावी इतके आकडे तिच्यात आहेत, पण तुम्हाला त्यातले मोजकेच लागणार आहेत. सिमेट्रीत पी१ म्हणजे साधे स्थलांतर ठेवा. खाली ओळी आणि स्तंभ किती ते लिहा. मग शिफ्टच्या टॅबमध्ये उभ्या सरकण्यासाठी, म्हणजे शिफ्ट वायच्या ओळीत, ‘दर स्तंभाला’ या रकान्यात ५० टक्के भरा आणि त्याच रकान्याखालच्या आल्टरनेटवर खूण करा. खूण केली नाही तर प्रत्येक स्तंभ आधीच्यापेक्षा अर्धा खाली उतरत जाईल आणि सगळी नक्षी जिन्यासारखी तिरपी होईल. खूण केली की एक स्तंभ खाली, पुढचा वर, असे होते. कापडवाले ज्याला हाफ ड्रॉप म्हणतात ते हेच. हाच आकडा आडव्या सरकण्याला ‘दर ओळीला’ दिला तर विटांच्या भिंतीसारखी रचना मिळते.

शिफ्टमधले टक्के बाउंडिंग बॉक्सचे असतात, हे ध्यानात असू द्या. म्हणून नुसत्या बुट्ट्यावर हे करू नका, नाहीतर बुट्टे एकमेकांना चिकटतील आणि बुट्ट्याची एक पाकळी लांबवली की सगळे अंतर बदलेल. हव्या त्या अंतराचा एक चौकोन काढा, त्यात बुट्टा ठेवा, दोघांचा ग्रुप करा आणि त्या ग्रुपचे टाइल्ड क्लोन काढा. चौकोनाला भरण रंगही नको आणि स्ट्रोकही (कडेची रेघ) नको; तो फक्त जागा धरण्यासाठी आहे.

काठपदर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाहेर ठेवलेल्या मुळाची युक्ती लगेच करून पाहिली आणि सगळा काठ एकदम बदलताना पाहून फार बरे वाटले. आता पांढऱ्या रेघेबद्दल. माझा चौकोन १६ सेंमीचा आहे, कापडाचा रंग दाखवण्यासाठी त्याला फिकट पिवळा भरला आहे आणि कड दिसावी म्हणून १ मिमीचा स्ट्रोकही ठेवला होता. तो स्ट्रोक काढल्यावर मोठी फट गेली, पण केसाएवढी रेघ अजूनही दिसते, आणि ती स्क्रीनवर मोठे करून पाहिले की कधी दिसते, कधी दिसत नाही. शिवाय वेलीचे एक पान मी चौकोनाबाहेर थोडे जाऊ दिले, तर ते उजवीकडच्या शेजारी कापले गेले. पॅटर्न तर मी केलेलाच नाही, मग असे का व्हावे?

ठिपकेरांग

तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र पाहत आहात, त्या वेगळ्या करू.

स्ट्रोकची फट. स्ट्रोक रेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा पसरतो. १६ सेंमीच्या चौकोनाला १ मिमीचा स्ट्रोक दिला की दृश्य बाउंडिंग बॉक्स १६.१ सेंमीचा होतो, आणि इंकस्केप सुरुवातीपासून हाच बॉक्स धरते. दहा टाइलमागे एक संपूर्ण सेंमी वाढतो. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली दृश्य बॉक्सऐवजी भौमितिक बॉक्स निवडला तर स्ट्रोक मोजला जात नाही आणि टाइल्ड क्लोनही तोच नियम पाळतात. मी पॅटर्नच्या कामात कायम भौमितिक बॉक्स ठेवतो.

केसाएवढी रेघ. ही बहुतेकदा चित्रात नसतेच. टाइलची कड पिक्सेलच्या मधोमध पडली की तो पिक्सेल दोन्ही टाइल अर्धवट पारदर्शक रंगवतात, आणि दोन अर्ध्यांची बेरीज पूर्ण होत नाही. मागचा पांढरा थोडा झिरपतो. म्हणूनच झूम बदलला की ती येते-जाते. पण टाइलचे माप पिक्सेलमध्ये पूर्णांक नसेल तर निर्यात केलेल्या चित्रातही ती उतरते, आणि तेव्हा ती कापडावर छापली जाते.

कापलेले पान. तुमच्या चौकोनाला पिवळा रंग भरलेला आहे. टाइल्ड क्लोन एकामागून एक रचले जातात, नंतरचा आधीच्याच्या वर येतो. म्हणून उजवीकडच्या टाइलचा पिवळा चौकोन डावीकडून आलेल्या पानावर बसतो आणि पान कापल्यासारखे दिसते. पॅटर्नमध्ये खरोखर कापले जाते, इथे फक्त झाकले गेले आहे.

शेवटच्या दोन्ही अडचणींवर उपाय एकच: पिवळा रंग टाइलमधून काढून टाका आणि सगळ्या क्लोनच्या मागे, वेगळ्या लेयरवर, पिवळ्या रंगाचा एकच मोठा चौकोन ठेवा. मागे अखंड रंग असल्यावर झिरपायला पांढरे उरतच नाही, आणि पान बिनदिक्कत शेजारच्या टाइलमध्ये जाऊ शकते. यानंतर खरी गंमत सुरू होते. क्लोन मांडून झाल्यावर मूळ ग्रुपवर डबल क्लिक करून आत शिरा आणि पान ओढा. भोवतालच्या सगळ्या टाइलमध्ये पाने त्याच वेळी सरकताना दिसतात. कुठे रिकामी पट्टी दिसते, कुठे वेली आडव्या रांगेत उठून दिसतात, हे डोळ्यांसमोर कळते आणि तिथल्या तिथे भरता येते. रिपीट ‘दिसू नये’ ही चांगल्या कापडाची कसोटी असेल, तर ती या पद्धतीइतकी सहज दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने साधत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पान बाहेर गेल्यामुळे ग्रुपचा बॉक्स मोठा होतो, म्हणून नंतर पुन्हा टाइल्ड क्लोन काढायचे झाले तर त्याच खिडकीतल्या ‘युज सेव्ह्ड साइझ अँड पोझिशन ऑफ द टाइल’वर खूण करा. मग आधीचेच माप धरले जाते.

रेघाटी

इंकस्केप १.२ मध्ये, म्हणजे २०२२ साली, टाइलिंग नावाचा लाइव्ह पाथ इफेक्ट (मूळ आकृतीवर चढवलेला, केव्हाही बदलता येणारा परिणाम) आला आहे. टाइल्ड क्लोनच्या खिडकीत आकडे भरून, क्रिएट दाबून, न जमल्यास रिमूव्ह दाबण्यापेक्षा इथे ओळी, स्तंभ, अंतर हे सगळे ओढून बदलता येते आणि परिणाम लगेच दिसतो. नवशिक्यांनी तिथून सुरुवात का करू नये?

ठिपकेरांग

रेघाटी, रचनेचा अंदाज घ्यायला तो इफेक्ट उत्तमच आहे. मात्र एखादा बुट्टा बाजूला सरकवणे, एखाद्याचा रंग वेगळा करणे ही मोकळीक तिथे राहत नाही. क्लोन सुटे असतात, म्हणून ती मिळते. रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो: क्लोनला मुळापेक्षा वेगळा रंग द्यायचा असेल तर मुळाच्या ज्या भागाचा रंग बदलायचा आहे त्याचा फिल (भरण रंग) आधी ‘अनसेट’ करावा लागतो. फिल अँड स्ट्रोकमध्ये प्रश्नचिन्हाचे बटण त्यासाठीच आहे. मूळ आकृती त्यामुळे काळी दिसू लागते, पण क्लोनना हवा तो रंग देता येतो.

कापडछपाई

मी कापड छपाईच्या क्षेत्रात काम करतो. वरची चर्चा वाचून आनंद झाला, पण आमच्या दारात फाइल आल्यावर काय होते ते कुणीतरी सांगितले पाहिजे, कारण अनेक सुंदर नक्ष्या तिथेच अडतात.

रोटरी छपाईत नक्षी एका पोकळ दंडगोल जाळीवर चढवतात, आणि तो फिरत फिरत कापडावर छापत जातो. सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या जाळीचा घेर ६४ सेंमी असतो. तेव्हा कापडाच्या लांबीच्या दिशेने तुमच्या रिपीटने ६४ ला नि:शेष भाग गेला पाहिजे: ६४, ३२, १६, ८. काठपदर यांनी १६ सेंमी घेतले आहे ते बरोबर आहे. १५ सेंमीचे रिपीट घेऊन कुणी आले, तर जाळीच्या जोडावर नक्षी जुळणार नाही आणि मग ती ताणून १६ ची करावी लागते. ताणल्यावर गोल बुट्टा लांबट होतो. सपाट जाळीवर छापणार असाल किंवा डिजिटल छपाई असेल तर हे बंधन राहत नाही, पण छपाईवाल्याला आधी विचारणे चांगले.

दुसरी बाब हाफ ड्रॉपची. १६ सेंमीची टाइल अर्ध्याने उतरवली की तिचे आयताकृती रिपीट १६ बाय १६ राहत नाही. पहिला स्तंभ वर, दुसरा खाली, तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. म्हणजे नक्षी आडव्या दिशेने दोन स्तंभांनंतर स्वतःवर येते. आम्हाला फाइल हवी ती ३२ बाय १६ सेंमीची. एका टाइलची फाइल पाठवून ‘हाफ ड्रॉप आहे’ असे तोंडी सांगितले, तर ते छपाईपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते.

तिसरी बाब पिक्सेलची, आणि ठिपकेरांग यांनी सांगितलेल्या रेघेशी तिचा थेट संबंध आहे. सगळेजण सवयीने ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) निर्यात करतात. एका इंचात २.५४ सेंमी असतात, म्हणून ३०० डीपीआयला १६ सेंमीचे १८८९.७६ पिक्सेल होतात. पाऊण पिक्सेल अस्तित्वात नसतो. सॉफ्टवेअर तो कुठेतरी पूर्ण करते आणि तो फरक प्रत्येक रिपीटमागे साचत जातो. त्याऐवजी २५४ डीपीआय घ्या. तिथे १ सेंमी म्हणजे बरोबर १०० पिक्सेल. १६ सेंमीचे १६००, ३२ चे ३२००, आणि ६४ चे ६४००, कुठेही अपूर्णांक नाही. अधिक बारीक काम असेल तर ५०८ डीपीआय घ्या, तिथे १ सेंमीला २०० पिक्सेल पडतात. सेंटीमीटरमध्ये रिपीट ठरवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत, असे मला मनापासून वाटते.

काठपदर

२५४ चा हिशोब मला कुणीच सांगितला नव्हता. पण मग ३२ बाय १६ चा तुकडा नेमका कुठून कापायचा? बुट्टे तर कडेवर अर्धे येणार. ते दोन्ही बाजूंनी जुळतील असे हाताने बसवावे लागेल का?

कापडछपाई

हाताने काही बसवू नका. नक्षी दर ३२ सेंमीला आडवी आणि दर १६ सेंमीला उभी स्वतःवर येत असेल, तर त्या मापाची खिडकी तुम्ही तिच्यावर कुठेही ठेवलीत तरी तिच्या समोरासमोरच्या कडा आपोआप जुळतात. डाव्या कडेवर कापला गेलेल्या बुट्ट्याचा उरलेला भाग उजव्या कडेपाशी असतोच. माप अचूक हवे. जागा कोणतीही चालते.

म्हणून डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाचे माप ३२ बाय १६ सेंमी करा, क्लोन पानाच्या चारही बाजूंना किमान एक टाइल बाहेरपर्यंत पसरवा, मागचा रंगाचा चौकोनही पानाबाहेर जाऊ द्या, आणि निर्यात करताना क्षेत्र म्हणून ‘पेज’ निवडून २५४ डीपीआय लिहा. ३२०० बाय १६०० पिक्सेलची फाइल मिळेल. निर्यातीच्या खिडकीत हे आकडे दिसतात. तिथे ३२०१ दिसले तर पानाच्या मापात कुठेतरी अपूर्णांक शिरला आहे असे समजून आधी तो शोधा.

भूमितीप्रेमी

टाइल्ड क्लोनच्या खिडकीतल्या सिमेट्रीच्या यादीवर थोडे लिहू द्या, कारण ती यादी इंकस्केपच्या लेखकांनी सोयीसाठी बनवलेली नाही. पी१ पासून पी६एम पर्यंत तिथे १७ नावे आहेत, आणि १८ वे असूच शकत नाही. सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पुनरावृत्त होणारी कोणतीही नक्षी, मग ती फरशीची असो, जाळीची असो की साडीची, स्थलांतर, फिरणे, आरशात उलटणे आणि सरकत उलटणे यांच्या हिशोबाने या १७ पैकी एका प्रकारातच बसते. रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी १८९१ साली हे सिद्ध केले. पुढे हंगेरियन गणितज्ञ पोया यांनी १९२४ मध्ये स्वतंत्रपणे तेच दाखवले आणि ते जगभर पोहोचले.

काठाचा हिशोब वेगळा, कारण तो एकाच दिशेने चालतो. तिथे प्रकार फक्त सात आहेत. काठपदर यांचे समोरासमोरचे मोर म्हणजे उभ्या आरशांची रांग. नारळी काठाची टोके त्याच प्रकारात येतात, कारण प्रत्येक टोक स्वतःच्या मध्यरेषेभोवती सारखे असते. एक पान वर, पुढचे पान खाली अशी नागमोडी वेल मात्र सरकत उलटण्याच्या प्रकारातली. हे ओळखता आले की किती काढायचे आणि किती सॉफ्टवेअरवर सोपवायचे ते कळते: वेलीचे एकच पान आणि अर्धे वळण काढले की पुरते, उरलेले सगळे त्याचेच उलटसुलट क्लोन असतात.

आता ओढणीच्या कोपऱ्याकडे येतो. दोन रस्ते आहेत. पहिला: आडवा काठ कोपऱ्यात ४५ अंशांच्या तिरप्या रेषेवर कापायचा आणि उभा काठ म्हणून त्याच रेषेतले त्याचे प्रतिबिंब घ्यायचे. प्रतिबिंब असल्यामुळे कापलेल्या रेषेवर दोन्ही बाजू बिनचूक जुळतात, मधे काय येते याची चिंता करावी लागत नाही. पण प्रत्येक कोपऱ्यात नक्षी उलटते. म्हणून प्रत्येक बाजूची दोन टोके एकमेकांची प्रतिबिंबे असावी लागतात. नक्षी एकाच दिशेने पळणारी असेल, जसे एकामागून एक चालणारे हत्ती, तर बाजूच्या मध्यावर तिला तोंड फिरवावे लागते. तुमच्या मोरांना ही अडचण नाही, कारण जोडी मुळातच आरशाची आहे. फक्त ओढणीची प्रत्येक बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण जोड्यांमध्ये मोजली जाईल एवढे पाहा, आणि तिरपी रेषा जोडीच्या आरशापाशीच कापा, म्हणजे बाजूची दोन्ही टोके सारखी येतील.

दुसरा रस्ता म्हणजे काठ प्रत्येक कोपऱ्यात ९० अंशांनी फिरवणे. त्यात नक्षी ओढणीभोवती एकाच दिशेने फिरत राहते आणि ते फार देखणे दिसते, पण कोपरा स्वतःहून जुळत नाही. तिथे एक स्वतंत्र चौकोनी आकृती घालावी लागते. पैठणीतल्या बांगडी मोरासारखी गोलाकार आकृती त्या चौकोनात छान बसेल असे वाटते.

काठपदर

भूमितीप्रेमी, पहिला रस्ता काठासाठी घेते, आणि कोपऱ्यात गोल आकृती मात्र नक्की करून पाहणार आहे. ती गोल नक्षी क्लोननी कशी करावी? बारा पाकळ्या आहेत.

ठिपकेरांग

एक पाकळी काढा. तिच्यावर दुसऱ्यांदा क्लिक केले की फिरवण्याचे बाण दिसतात आणि मधोमध एक छोटी फुली दिसते. ती फुली ओढून वर्तुळाच्या केंद्रावर ठेवा. टाइल्ड क्लोनमध्ये ओळ एक, स्तंभ बारा. शिफ्टमध्ये आडव्या सरकण्याला दर स्तंभाला उणे १०० टक्के, म्हणजे स्थलांतर पूर्ण रद्द होते. रोटेशनमध्ये दर स्तंभाला ३० अंश. क्रिएट दाबले की बारा पाकळ्या फुलतात. पहिला क्लोन मूळ पाकळीच्या बरोबर वर बसतो, म्हणून मूळ पाकळी ग्रुप न करता पानाबाहेर ओढायची असेल तर आधी प्रेफरन्सेसमध्ये क्लोनच्या वर्तनात ‘स्टे अनमूव्ह्ड’ निवडा. नाहीतर मुळाबरोबर सगळे क्लोनही चालू लागतात. पाकळ्यांची संख्या सारखी बदलून पाहायची असेल तर रोटेट कॉपीज हा लाइव्ह पाथ इफेक्ट अधिक सोयीचा.

जाळीकाम

माझे काम लेझरने लाकडी जाळ्या कापण्याचे आहे. कापड आणि जाळी यांत एक मोठा फरक आहे, तो जाळी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. चौकोनी टाइलच्या चारही कडा रेषेने काढून टाइल मांडल्या की शेजारच्या दोन टाइलची सामाईक कड दोनदा येते. स्क्रीनवर ती एकच दिसते. लेझर मात्र त्याच रेषेवरून दोनदा जातो आणि एमडीएफ फळीची कड जळून काळी पडते. म्हणून घटकात फक्त डावी आणि वरची कड काढावी, उजवी आणि खालची शेजारच्या टाइलकडून मिळते, आणि सगळ्यात बाहेरची चौकट शेवटी एकदाच काढून बंद करावी. षटकोनी जाळीत सहापैकी तीन बाजू काढाव्यात.

षटकोनासाठी आकडेही देतो. टोक वर असलेला षटकोन घ्या, शिफ्ट एक्सला दर ओळीला ५० टक्के आणि आल्टरनेट, शिफ्ट वायला दर ओळीला उणे २५ टक्के. ओळी एकमेकींत बरोबर बसतात. तीनच बाजू काढल्या तर बॉक्सचे माप बदलते, म्हणून आधी पूर्ण षटकोनाने एकदा टाइल करून ते माप साठवून घ्यावे. मशीनकडे पाठवण्याआधी सगळे निवडून शिफ्ट + ऑल्ट + डी ने क्लोन सुटे करावेत; कापण्याची काही सॉफ्टवेअर क्लोन ओळखत नाहीत आणि फक्त मूळ आकृती कापून थांबतात. सुटे करण्यापूर्वीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी, हे ओघाने आलेच.

अक्षरजुळणी

जाळीकाम यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आमच्याकडे इंकस्केपची फाइल कोरलमध्ये उघडायची झाली तरी हीच काळजी घ्यावी लागते. त्यापेक्षा पीडीएफ करून घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.

काठपदर

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे बुट्ट्यांची ३२ बाय १६ ची फाइल तयार केली आहे, निर्यातीत ३२०० बाय १६०० हेच आकडे आले. छपाईला देण्याआधी जोड खरोखर जुळला आहे हे घरच्या घरी तपासण्याची काही रीत आहे का?

कापडछपाई

आहे. ती पीएनजी फाइल जिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, लेयरखाली ट्रान्सफॉर्ममधून ऑफसेट निवडा आणि रुंदी व उंची दोन्ही निम्म्याने सरकवा. बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येईल असा पर्याय तिथे निवडलेला असू द्या. आता चारही कडा चित्राच्या मधोमध अधिक चिन्हासारख्या येतात. १०० टक्क्यांवर, मग ४०० टक्क्यांवर त्या दोन रेषांवरून नजर फिरवा. रेघ, तुटलेले पान किंवा रंगाचा एक पिक्सेलचा फरक असेल तर तो तिथेच सापडेल. काठाची फाइल असेल तर फक्त लांबीच्या दिशेने निम्मी सरकवा, कारण काठाची रुंदी जुळायची नसते. आणि तपासलेली सरकवलेली प्रत सेव्ह न करता बंद करा, आम्हाला मूळच पाठवा.